इंजिनाचा दिवा का लागत नाही?



गोदाकाठच्या या पटांगणावर मे महिन्याच्या संध्याकाळी आपण वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक विषय ऐकत आला आहात. त्या पंक्तीत खेळण्यातल्या आगगाडीचा दिवा घेऊन उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो. पण या वीतभर इंजिनाच्या दिव्याने मला एक धडा असा शिकवला की तो चार लोकांत सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय आगगाडी हा विषय नाशिककरांना परका नाही. नाशिकरोडला रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्था १९८८ पासून चालू आहे. विजेच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करणारा कारखानाही तेथेच आहे. आणि पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्यांची तर घरोघर वस्ती आहे. छोट्या रेल्वेचा छंदही आपल्याकडे नवा नाही. पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले आणि १९९८ साली ते लोकांना खुले झाले. तेथे जाऊन आलेली मुले घरी येऊन वडिलांच्या मागे कोणती भुणभुण लावतात, ते मी सांगायला नको.

माझ्या भाच्याने अशीच भुणभुण लावून एक इंजिन मिळवले. ते इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे. खरे इंजिन वीस मीटर लांब धरले, तर हे भरते सुमारे तेवीस सेंटिमीटर. रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. ते साध्या विजेवर चालणारे नसून अंकांच्या संकेतांवर चालणारे, म्हणजे ज्याला आज डिजिटल म्हणतात त्या जातीचे होते. एके दिवशी भाचा म्हणाला, “मामा, इंजिनाचा पुढचा दिवा वेडा झालाय.” पाहतो तो खरेच! वेग एक पायरी वाढवला की दिवा लागे, आणखी एक पायरी वाढवला की विझे, पुन्हा वाढवला की पुन्हा लागे.

मी विजेची थोडीफार कामे हाताने केलेला माणूस. माझे निदान तत्काळ तयार झाले. दिवा सैल झाला आहे. वेग बदलला की हिसका बसतो आणि जोड सुटतो. एवढ्यावर न थांबता मी पोराला वर सुनावले, “आपटलं असशील कुठेतरी!” त्याने मान खाली घातली. मी इंजिनाचे कवच काढले, रुळांवर वीज चालू असतानाच आत टोचणी घातली, एका निळ्या तारेचे उघडे टोक धातूच्या सांगाड्याला टेकले, आणि बारीकसा धूर निघाला. इंजिनातला डीकोडर, म्हणजे संकेत उलगडून मोटारीला व दिव्यांना हुकूम देणारी ती इवलीशी पाटी, जळून गेली. दिवा मात्र शाबूत होता! आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनचालक राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. संध्याकाळी त्यांना हकीकत सांगितली. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. “दिवा जातो तो केव्हा जातो? दरवेळी तसाच जातो का? आणि तो नीट होता त्यानंतर तुम्ही लोकांनी काय काय बदललं?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली असती, पण मी ती स्वतःला विचारलीच नव्हती. तिसऱ्याचे उत्तर फक्त भाच्यापाशी होते आणि त्याला मी बोलूच दिले नव्हते.

ते उत्तर काय होते, ते पुढे ओघाने येईलच. त्याआधी हा दिवा लागतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. कारण जी गोष्ट चालते कशी हे ठाऊक नाही, ती बिघडली कशी हे कळणार नाही.

दिव्याचे महत्त्व

खऱ्या इंजिनाच्या पुढच्या दिव्याला रेल्वेत मोठा मान आहे. भरधाव गाडी दिसल्याबरोबर थांबत नाही. म्हणून चालकाला रूळ दूरवर दिसला पाहिजे, आणि रुळावरच्या माणसालाही गाडी दुरून दिसली पाहिजे. वाटेत हा दिवा बंद पडला, तर रात्री गाडी ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने नेऊ नये, आणि त्या टप्प्यावर याहून कडक तात्पुरते वेगबंधन असेल तर ते पाळावे, असा रेल्वेचा नियम आहे. एका दिव्यापायी अख्खी गाडी रखडते. कसाऱ्याच्या घाटात रात्रीच्या वेळी बोगद्यांतून गाडी वर चढताना ज्यांनी खिडकीतून पुढे वाकून पाहिले असेल, त्यांना या नियमाचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

खेळण्यातल्या इंजिनाचा दिवा रूळ उजळण्यासाठी नसतो, हे खरे. पण त्याचा उपयोग दुसरा आहे. इंजिनापर्यंत वीज नीट पोचते की नाही, संकेत नीट समजतो की नाही, आणि इंजिन आपले तोंड कोणत्या दिशेला समजते आहे, या तिन्ही गोष्टी तो दिवा बाहेरून सांगतो. वैद्य जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, तसेच हे आहे. जीभ पांढरी दिसली म्हणून कोणी जीभ खरवडत नाही. मी मात्र नेमके तेच केले.

जुनी रीत आणि नवी रीत

जुन्या रीतीच्या छोट्या गाडीत सगळा कारभार सरळ असे. रुळांवर कमी दाबाची वीज सोडली की गाडी हळू, जास्त सोडली की जलद. धन-ऋण बाजू उलटी केली की गाडी उलटी. दिवा त्याच विजेवर. त्यामुळे गाडी हळू चालली की दिवा मंद, आणि स्थानकात उभी राहिली की दिवा विझलेला. दोन इंजिने एकाच रुळावर ठेवली तर दोन्ही एकदम पळत. एकाला थांबवून दुसरे चालवायचे, तर रुळांचे तुकडे वेगळे पाडून प्रत्येकाला निराळे बटण बसवावे लागे.

नव्या रीतीचा पाया जर्मनीतील बर्न्ड लेन्झ यांनी घातला, आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील छोट्या रेल्वेच्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला प्रमाण रूप दिले. निरनिराळ्या कारखान्यांची इंजिने व नियंत्रक एकमेकांशी बोलू शकतात ते या प्रमाणामुळे. या रीतीत रुळांवर नेहमी पुरती वीज असते, साधारणपणे चौदा-पंधरा व्होल्ट. गाडी उभी असो की धावती. मात्र ही वीज सेकंदाला हजारो वेळा आपली बाजू पालटत असते, आणि त्या पालटण्यातच निरोप दडलेला असतो. बाजू पालटण्याआधी वीज सुमारे अठ्ठावन्न दशलक्षांश सेकंद टिकली, तर त्याचा अर्थ ‘एक’. शंभर दशलक्षांश किंवा अधिक टिकली, तर अर्थ ‘शून्य’. तारायंत्रातला टिंब आणि रेघ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ही त्याचीच नात समजा.

अशा एक आणि शून्यांची माळ म्हणजे एक निरोप. निरोपाच्या आरंभी ‘एक’ची रांग येते, ती सर्वांना सावध करते. मग येतो पत्ता. कारखान्यातून आलेल्या नव्या इंजिनाचा पत्ता बहुधा तीन असतो. मग हुकूम, आणि शेवटी ताळा. आधीचे अंक आणि हा ताळा जुळला नाही, तर डीकोडर तो निरोप सोडून देतो. हे पोस्टातल्या मनीऑर्डरीसारखे आहे. रक्कम अंकी आणि अक्षरी जुळली नाही, तर कारकून पुढे सरकत नाही. निरोप सुटला तरी बिघडत नाही, कारण नियंत्रक तोच निरोप पुनःपुन्हा पाठवीत असतो.

आता लक्षात येईल की दिव्याकडे जाणारी वाट किती लांब आहे. नियंत्रकापासून रुळांपर्यंत, रुळांपासून चाकांपर्यंत, चाकांपासून डीकोडरपर्यंत, डीकोडरने लावलेल्या अर्थापर्यंत, तेथून तारेतून रोधापर्यंत आणि अखेर दिव्यापर्यंत. दिवा हा या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. मी तपासाला सुरुवात केली ती शेवटच्या मुक्कामापासून, आणि तीही कवच फोडून!

कवच न उघडता

अण्णांची रीत अशी की, जे बाहेरून कळते ते आधी बाहेरूनच कळून घ्यावे. दिवा ‘केव्हा’ बिघडतो, यावरून निम्मे निदान होते.

दिवा एका ठराविक जागीच लुकलुकत असेल, तर दोष इंजिनात नाही, त्या जागच्या रुळांत आहे. इंजिन कोठेही ठेवले तरी लुकलुकत असेल, तर चाके किंवा चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या पाहाव्यात. धूळ, तेल आणि विजेच्या बारीक ठिणग्यांची काजळी यांचा काळा थर चाकांवर बसतो, आणि तो वीज अडवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओल. दोन्ही रुळांची वैरी. स्वच्छ फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चाके व रूळ पुसावेत. पॉलिश कागदाने घासण्याचा मोह टाळावा. त्याने चरे पडतात आणि चऱ्यांत मळ आणखी लवकर साचतो.

येथे पुष्कळांची एक फसगत होते. ते म्हणतात, “मोटार तर झकास चालते, मग वीज पोचतेच आहे. दोष दिव्याचाच.” वस्तुतः पुष्कळ इंजिनांत मोटारीच्या दांड्यावर जड चाक बसवलेले असते. क्षणभर वीज तुटली तरी ते चाक फिरत राहते आणि तूट झाकून टाकते. जुना तंतूचा दिवाही तीच दयाबुद्धी दाखवतो, कारण तापलेली तार एकदम थंड होत नाही. एल. ई. डी. चा दिवा मात्र स्पष्टवक्ता. वीज तुटली की त्याच क्षणी तो विझतो. म्हणून जुना दिवा काढून एल. ई. डी. बसवला आणि लुकलुक सुरू झाली, तर नव्या दिव्याला नावे ठेवू नयेत. दोष आधीपासून होता. तो आता दिसू लागला, इतकेच. रूळ-चाके पुसूनही तूट राहिली, तर वीज साठवून धरणारा लहानसा संधारित्र डीकोडरला जोडता येतो. पण तो डीकोडरने मान्य केलेल्या जागीच जोडावा.

एका खोलीतले दोन भाडेकरू

आता माझ्या भाच्याच्या इंजिनाकडे वळू. तेथे दिवा जागेप्रमाणे बदलत नव्हता. वेगाच्या पायरीप्रमाणे बदलत होता, आणि दरवेळी न चुकता. सैल जोड इतका नियमित वागत नाही. सैलपणाला शिस्त नसते. जो दोष शिस्तीने वागतो, तो हिशेबातला दोष असतो. एवढे एकच सूत्र मला त्या दिवशी सुचले असते, तर डीकोडर वाचला असता.

हा हिशेब मोठा गमतीचा आहे. वेगाच्या हुकुमात आठ खोल्या असतात. प्रत्येकीत एक किंवा शून्य. पहिल्या दोन खोल्या सांगतात की हा वेगाचा हुकूम आहे. तिसरी सांगते पुढे की मागे. शेवटच्या चार खोल्यांत वेग राहतो. मधली चौथी खोली मात्र वादाची आहे. ज्या काळी वेगाच्या चौदाच पायऱ्या पुरत, त्या काळी ही चौथी खोली दिव्याला दिलेली होती: एक असेल तर दिवा लावा, शून्य असेल तर विझवा. पुढे लोकांना वेगाच्या बारीक पायऱ्या हव्या झाल्या. तेव्हा दिव्याची सोय दुसऱ्या हुकुमात केली आणि ही खोली वेगाला दिली. तिने प्रत्येक पायरीची अर्धी पायरी केली आणि चौदाच्या अठ्ठावीस झाल्या.

आता नियंत्रक अठ्ठावीस पायऱ्यांच्या भाषेत बोलतो आहे आणि इंजिन चौदा पायऱ्यांच्या भाषेत ऐकते आहे, असे समजा. नियंत्रक पहिल्या पायरीला त्या खोलीत शून्य पाठवतो, दुसरीला एक, तिसरीला पुन्हा शून्य. त्याच्या मनात आहे ‘अर्धी पायरी वाढव’. इंजिन समजते, ‘दिवा लाव, दिवा विझव.’ म्हणून दर पायरीला दिव्याची उघडझाप. बोलणारा खोटे बोलत नाही, ऐकणारा बहिरा नाही. दोघांचा कोश वेगळा आहे. याच्या उलट, नियंत्रक चौदाचा आणि इंजिन अठ्ठावीसचे असेल, तर दिव्याचे बटण कितीही दाबा, दिवा दाद देत नाही. कारण ज्या खोलीत दिव्याचा निरोप ठेवला आहे, ती खोली इंजिन दिव्याची मानतच नाही.

इगतपुरीला पूर्वी गाड्या बराच वेळ का थांबत, हे येथील ज्येष्ठांना ठाऊक आहे. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत वरच्या तारेत १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती, आणि इगतपुरीपासून नाशिककडे २५,००० व्होल्टची उलटसुलट वीज. दोन्हीकडची वीज चांगलीच; पण एका विजेचे इंजिन दुसऱ्या विजेवर चालत नसे. म्हणून इंजिन तरी बदलावे लागे, नाही तर दोन्ही विजा पचवणारे इंजिन लागे. पुढे सगळा मार्ग एकाच विजेवर आला आणि ती अडचण संपली. छोट्या इंजिनाच्या बाबतीतही उपाय तोच: दोघांना एका मापावर आणणे.

डीकोडरच्या पोटात एक वही असते असे समजा. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला सी. व्ही. म्हणतात. ओळ पहिली म्हणजे पत्ता. आपल्या कामाची ओळ एकोणतिसावी. तिच्यात एकच आकडा असतो, पण तो बेरजेचा आकडा आहे. दिशा उलटी मानायची असेल तर १. अठ्ठावीस पायऱ्यांची भाषा बोलायची असेल तर २. जुन्या रीतीच्या रुळावरही चालायचे असेल तर ४. लांब पत्ता वापरायचा असेल तर ३२. बहुतेक नवी इंजिने येतात ती २ अधिक ४, म्हणजे ६ या आकड्यानिशी. तेथे ४ पडले, की अठ्ठावीसची भाषा गेली, आणि दिव्याची उघडझाप सुरू झाली.

भाच्याने नेमके हेच केले होते. आदल्या संध्याकाळी नियंत्रकाची बटणे शिकताना त्याने त्या ओळीत ६ ऐवजी ४ लिहिले होते. त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पण आपण काहीतरी लिहिले, हे त्याला पक्के आठवत होते. विचारले असते, तर त्याने दोन मिनिटांत सांगितले असते. नवा डीकोडर बसवल्यावर त्याने मला हे कबूल केले, आणि मग पोराने माझ्याहून शहाणे काम केले. त्याने नव्या डीकोडरच्या एकोणतिसाव्या ओळीत मुद्दाम पुन्हा ४ लिहिले. दिवा पुन्हा तसाच उघडझाप करू लागला. मग ६ लिहिले. दिवा स्थिर झाला. दोष घालवता येणे ही अर्धी परीक्षा. तोच दोष पुन्हा हुकमी आणता येणे, ही पुरी परीक्षा. कारण सापडले की नाही, याची खात्री तेव्हाच होते.

दिशेचे कोडे

दुसरी एक तक्रार नेहमी येते. गाडी पुढे निघते आणि दिवा मागचा लागतो. येथेही घाईने तारा कापू नयेत. आधी नीट पाहावे. ‘पुढे’चे बटण दाबल्यावर इंजिन मागे जाते आणि मागचाच दिवा लागतो, असे असेल, तर मोटार आणि दिवे यांचे आपसांत भांडण नाही. दोघेही नियंत्रकाच्या उलट चालले आहेत. एकोणतिसाव्या ओळीत एक मिळवा, ६ चे ७ करा, की दोघेही एकदम वळतात. पण इंजिन पुढे जाते आणि दिवा मागचा लागतो, असे असेल, तर आकड्याने ते सुटणार नाही; कारण आकडा दोघांनाही एकदम फिरवतो आणि भांडण तसेच राहते. तेथे दिव्यांच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते. एकच लक्षण, पण ‘कोणाच्या तुलनेत उलटे’ एवढे विचारले, की वाटा वेगळ्या होतात.

तिसरे कोडे याहून मजेचे. दिवा बटणासरशी लागतो, विझतो, पण इंजिन जागचे हलत नाही. कसाऱ्याहून इगतपुरीला जाणारा चढ सदतिसास एक; म्हणून तेथे गाड्यांना ढकलण्यासाठी मागून जादा इंजिने लावतात. छोट्या रेल्वेतही दोन इंजिनांची जोडी बांधता येते. तेव्हा दोघांच्या वहीत एकोणिसाव्या ओळीत एक समान पत्ता लिहितात, आणि वेगाचे हुकूम दोघेही त्याच पत्त्यावर ऐकतात. खेळ संपल्यावर जोडी सोडली, पण ती ओळ पुसायची राहिली, की इंजिन स्वतःच्या पत्त्यावरचे वेगाचे हुकूम ऐकेनासे होते. दिव्याचे मात्र ऐकते. अशा वेळी दिवा लागतो ही फार मोठी बातमी आहे. वीज पोचते, निरोप पोचतो, डीकोडर जिवंत आहे, एवढे त्याने सांगितले. मोटार उघडण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या ओळीत शून्य लिहा, इंजिन चालू लागेल.

वहीत कोणी काय लिहिले याचा पत्ताच लागत नसेल, तर पुष्कळ डीकोडरांत आठव्या ओळीत ८ लिहिले, की सारी वही कारखान्यातल्यासारखी होते. आपल्या डीकोडरची रीत त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी, आणि वही कोरी करण्यापूर्वी जुने आकडे कागदावर उतरवून ठेवावेत. वही वाचण्यासाठी निराळा रुळाचा तुकडा वापरतात. तेथे प्रश्न विचारला, की डीकोडर होकार देण्यासाठी मोटारीतून क्षणभर वीज सोडतो, आणि इंजिन किंचित थरथरते. जणू मान हलवते. ही मान हललीच नाही, तर चाकांचा मळ किंवा मोटारीचा सुटलेला जोड आधी पाहावा.

कवच उघडायचेच झाले तर

एवढे सगळे पाहून झाल्यावरही दिवा लागला नाही, तर कवच उघडावे. त्यापूर्वी इंजिन रुळावरून उचलून मेजावर घ्यावे. ही एक सूचना मी पाळली असती, तर आजचे व्याख्यान झाले नसते.

आत रंगीत तारा दिसतील. प्रमाण रीतीप्रमाणे लाल व काळी रुळांची, नारिंगी व करडी मोटारीची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. निळी तार ही सर्व दिव्यांची सामाईक धन बाजू. पुष्कळांना वाटते, पांढऱ्या तारेतून वीज येते आणि निळीतून परत जाते. येथे उलटे आहे. निळीत वीज कायम हजर असते. डीकोडर पांढरीची वाट मोकळी करतो, तेव्हा दिवा लागतो. म्हणून निळी तार सांगाड्याला, रुळाला किंवा कोणत्याही धातूला टेकता कामा नये. माझा अपराध हाच.

एल. ई. डी. ला तोंड असते. लांब पाय धन, तो निळीकडे; आखूड पाय पांढरीकडे. उलटा जोडला, तर तो लागणार नाही. वाटेत रोध हवाच. हिशेब सोपा आहे. डीकोडरकडून सुमारे तेरा व्होल्ट मिळतात. पांढऱ्या दिव्याला तीन पुरतात. उरलेले दहा व्होल्ट रोधाने अडवायचे. प्रवाह दहा मिलिअँपियर ठेवायचा, तर दहा भागिले एक शतांश, म्हणजे एक हजार ओहमचा रोध. रोध विसरला, तर दिवा क्षणभर डोळे दिपवील आणि कायमचा मिटेल. कदाचित डीकोडरचा तो दरवाजाही घेऊन जाईल. जुने तंतूचे दिवे दीड व्होल्टचेही मिळतात आणि बारा-चौदाचेही, दिसायला सारखेच. बदलताना ते पाहून घ्यावे.

मग अर्ध्या वाटेवर परीक्षा करावी. इंजिन जपून रुळावर ठेवून, दिव्याचे बटण दाबून, मीटरची टोके निळी व पांढरी या तारांच्या जोडांवर टेकवा. बाराच्या आसपास व्होल्ट दिसले, तर डीकोडर निर्दोष. दोष पुढे, रोधात, जोडात किंवा दिव्यात. काही दिसले नाही, तर दिव्याला हात लावण्याचे कारण नाही, दोष मागे. मीटर नसेल, तर वीज काढून पुढचा दिवा पिवळ्या तारेला जोडा आणि इंजिनाला मागची दिशा द्या. लागला, तर दिवा चांगला. पांढरीचा दरवाजा किंवा त्याचा हुकूम ठरवणारी तेहतिसावी ओळ संशयित. एका प्रश्नात निम्मी वाट निर्दोष ठरते. वाटेवर सहा मुक्काम असले, तरी तीन प्रश्नांच्या आत चोर सापडतो.

दोष शोधणे आणि दोष देणे

श्रोतेहो, यात विजेचे ज्ञान फार लागले नाही. लागली ती क्रमाची सवय. केव्हा बिघडते ते पाहा. काय बदलले ते विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदला. जे परत मूळपदावर आणता येते ते आधी करा, आणि जे तोडल्यावाचून होत नाही ते सर्वांच्या शेवटी करा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी येथवर आलो. दोष शोधणे आणि दोष देणे या दोन क्रिया आपल्याकडे फार सहज एकमेकींत मिसळतात. घरात पंखा बंद पडला, की पहिला प्रश्न ‘कशाने?’ हा नसतो, ‘कुणी?’ हा असतो. ‘कुणी?’ विचारले, की ज्याला माहीत असते तो गप्प बसतो. माझा भाचा गप्प बसला. खरी माहिती त्याच्या तोंडात होती आणि मी ती दिव्यात शोधत होतो. डीकोडरचे पैसे गेले ते गेले. पण न आपटलेले इंजिन आपटल्याचा ठपका पोराने दोन आठवडे वागवला, त्याचा हिशेब कोणत्या ओळीत लिहायचा?

नवा डीकोडर बसल्यावर मी त्याची माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने दिली, आणि एक अट घातली. “मामा, पुढच्या वेळी उघडायच्या आधी मला विचार.” आता त्याच्या इंजिनाच्या खोक्याच्या झाकणावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, कोणती ओळ, आधीचा आकडा, नवा आकडा, असे चार रकाने आहेत. त्यात एका ठिकाणी माझ्या हातचीही नोंद आहे. तिच्या शेजारी त्याने लिहिले आहे: ‘दिवा चांगला होता.’